छाप कुणाची, पेठ कुणाची: ज्यूंच्या भूमीतली जुनी नाणी वाचताना

गेल्या नाताळानंतर बेळगावात शहापूरला आमच्या पेढीवर कॅम्पातल्या एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवायच्या. यरुशलेमची यात्रा करून आल्या होत्या आणि रुमालाच्या गाठीत तीन नाणी बांधून आणली होती. "अण्णा, ह्यातलं खरं कुठलं ते बघा की. आणि एक सांगा, ज्यू लोकांत मूर्ती चालत नव्हती म्हणतात, मग ह्या दोघांवर तोंडं कशी?"

पहिला प्रश्न पाच मिनिटांत सुटला. दुसऱ्यावर आम्ही दुपारभर बसलो. बायबल वाचणारे, इतिहासाची पोरं, नाणी जमवणारे असे बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून त्या दुपारी बाईंना जे दाखवलं ते सविस्तर लिहितो. माझं शिक्षण काट्यावर आणि कसोटीवर झालं. मी जे सांगणार ते सराफाच्या नजरेतून, आणि ही नजर इथं फार कामी येते असं माझं मत आहे.

आधी काटा. नाण्यावरचं चित्र बघायच्या आधी वजन करा, मग कड बघा. बाईंच्या तीन नाण्यांत एक मोठं होतं: एका बाजूला दांडग्या माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गरुड. हे सोर शहराचं शेकेल. खरं असतं तर चौदा ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे सव्वा तोळ्याला थोडं कमी. भरलं नऊ ग्रॅम. भिंगाखाली धरलं तर कडेवरून सरळ एक रेघ गेलेली. साच्याच्या दोन अर्ध्या जुळल्याची ती रेघ. नाणं ठोकून केलेलं असेल तर अशी रेघ येत नाही, ओतीव मालाला येते. दुसरं नाणं रोमच्या तिबेरियस बादशहाचं देनारियस, म्हणजे त्यांचं चांदीचं नाणं. ते पावणेचार ग्रॅमच्या पुढं हवं, आपल्या राणीछाप रुपयाचा तिसरा हिस्सा. भरलं अडीच. तेही ओतीव, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. दोन्ही यात्रेकरूंना विकायच्या नकला. बाईंचा चेहरा उतरला. तिसरं मात्र करंगळीच्या नखाएवढं, काळपट हिरवं, वेडंवाकडं कापलेलं तांबं. ते खरं निघालं. त्याच्याकडं शेवटी येतो.

वजन आधी का? वजन आणि कस हे नाण्याचं पोट आहे, चित्र त्याच्या अंगावरचं कापड. पोट माहीत नसताना कापडावरून माणूस ओळखायला गेलं की चूक होते. सोरच्या शेकेलात तर हीच चूक बहुतेकांची होते.

सोर हे समुद्रकाठचं फिनिशियन शहर. इ.स.पू. १२६-१२५ पासून त्यांनी आपलं शेकेल पाडायला सुरुवात केली. डोकं आहे ते मेलकार्तचं, म्हणजे त्यांच्या ग्रामदेवतेचं, हेराक्लिसच्या रूपात. मागं गरुड, आणि भोवती ग्रीक अक्षरांत 'पवित्र आणि अभय सोर'. म्हणजे धडधडीत परदैवताचं नाणं. आणि यरुशलेमच्या मंदिराची पट्टी याच नाण्यात भरायची! वीस वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू पुरुषानं वर्षाला अर्धा शेकेल द्यायचा. मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात तर मंदिराचे ठरावीक भरणे सोरच्या चलनानं मोजायचे असा हिशेबच आहे. अदार महिन्याच्या १५ तारखेला गावोगावी सराफांची मेजं मांडायची, २५ तारखेला ती मंदिराच्या आवारात यायची. नाणं बदलून देताना सराफ जो बट्टा कापायचा त्याला त्यांचा शब्द 'कोल्बोन'. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांच्या वह्या आठवल्या. हाली, चांदवडी, सुरती अशा नाना रुपयांचा बट्टा त्यांत असाच मांडलेला आहे.

मग दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा कुठं गेली? कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, असं स्पष्ट लिहिलेलं. उत्तर चांदीत आहे. सोरच्या शेकेलात चांदी शंभरात नव्वदच्या वर, आणि वर्षानुवर्षं तीच. त्या मुलखात इतका भरवशाचा कस दुसऱ्या नाण्यात मिळत नव्हता. देवाला द्यायचं ते खोटं नको, हा आग्रह चित्राच्या अडचणीपेक्षा मोठा ठरला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. हैदरअलीनं बेदनूर घेतल्यावर सोन्याचा होन पाडला, त्यावर शिवपार्वती तशीच ठेवली. कर्नाटकात पेठेला ती छाप ओळखीची होती. ओळखीची छाप बदलली की पेठ नाणं घ्यायला कचरते. तेव्हा राजाचा धर्म आणि नाण्यावरचा देव एकच असला पाहिजे असं समजू नका.

यावरून मी पहिला नियम असा धरतो: चित्र दिसलं की 'हे त्यांना चालायचं का?' असं विचारू नका, 'हे त्यांना कुठं चालायचं?' असं विचारा.

हा नियम मला पुस्तकानं शिकवला नाही. वडिलांच्या वेळची गोष्ट आहे, मी गल्ल्यापाशी बसून वह्या ओढायचो तेव्हाची. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबातल्या आजी दुकानात आल्या. मूळ अलिबागकडच्या, मराठी आमच्यापेक्षा सरळ, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. नातीच्या लग्नासाठी माळ करायची होती. वडिलांनी पुतळ्यांची माळ पुढं केली. आजींनी एक पुतळी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "शेठ, ह्यावर माणसं आहेत. आम्हाला बिनामाणसाची करा, फूल काढा, पान काढा." वडिलांनी होय म्हटलं. मग आजींनी मोडीत घालायला पिशवीतून काय काढलं? राणीछाप रुपये, अकरा. प्रत्येकावर व्हिक्टोरिया राणीचं मुकुट घातलेलं डोकं. वर्षानुवर्षं तिजोरीत जपलेले. त्याबद्दल आजींच्या मनात काडीची शंका नव्हती. गळ्यात घालायची ती वस्तू वेगळी, हातातून जाणारा पैसा वेगळा. (आणि त्या पुतळीची गंमत अशी की ती मुळात व्हेनिस शहराच्या डुकॅटवरून आलेली. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि मागं येशू. आपल्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सौभाग्याचा दागिना म्हणून घातली.)

आता गरुडाकडं परत या. सोरच्या शेकेलावरचा गरुड मंदिराच्या खजिन्यात पोत्यानं पडून होता. पण ज्यूंच्या हेरोद राजानं मंदिराच्या मोठ्या दारावर सोन्याचा गरुड बसवला, तेव्हा काय झालं? इ.स.पू. ४ मध्ये, राजा मरणाच्या दारात असताना, यहूदा आणि मत्तथिया या दोन गुरूंच्या शिष्यांनी भरदिवसा छतावरून दोर सोडले आणि कुऱ्हाडीनं तो गरुड तोडून खाली पाडला. हेरोदानं त्या गुरूंना आणि तोडणाऱ्यांना जिवंत जाळलं. जोसेफस या ज्यू इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. गरुड दोन्हीकडं, पण एक सराफाच्या मेजावर आणि दुसरा देवाच्या दारात. आपणही लक्ष्मीपूजनाला ताटात राणीछाप रुपया ठेवतो, पण राणीची तसबीर देव्हाऱ्यात कुणी ठेवलेली मी बघितली नाही.

म्हणून नाण्याचा अर्थ लावताना ते कुठल्या पेठेसाठी पाडलंय हे शोधा. याची एक साधी युक्ती आहे: त्याच राजवटीची दुसऱ्या गावातली नाणी शेजारी मांडा. नुसतं एक नाणं घेऊन बसलात तर काहीच बोलत नाही. दोन मांडलीत की फरक बोलायला लागतो.

करून बघू. एकीकडं तिबेरियसचं देनारियस ठेवा. इ.स. १४ ते ३७ हा त्याचा काळ, टांकसाळ गॉल देशातल्या लुग्दुनमची, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लियाँ. समोर बादशहाचं डोकं, माथ्यावर पानांचा मुकुट, भोवती लॅटिन अक्षरं: 'तिबेरियस सीझर, देव ऑगस्टसचा पुत्र'. मागं आसनावर बसलेली बाई, हातात फांदी, आणि लेख 'पाँतिफ माक्सिम', म्हणजे सर्वोच्च पुरोहित. बादशहाला कर द्यावा का असं विचारल्यावर येशूनं देनारियस मागवून, ही छाप आणि हा लेख कुणाचा, असं विचारलं ते हेच नाणं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ती गोष्ट वाचताना तोंडाकडं सगळे बघतात, लेखाकडं कमी. काट्यासारखा टोचणारा भाग लेखातच आहे: बादशहा देवाचा मुलगा, आणि वर मुख्य पुरोहितही तोच.

आता दुसरीकडं त्याच तिबेरियसच्या काळात, त्याच्याच सुभेदारानं, पंतय पिलातानं यहूदियात, म्हणजे यरुशलेमच्या मुलखात, पाडलेली तांब्याची चिल्लर ठेवा. इ.स. २९ ते ३१ च्या सुमाराची. नाव तिबेरियसचं, ग्रीक अक्षरांत. पण तोंड? नाही. पिलाताच्या आधीच्या सुभेदारांनीही ताडाचं झाड, धान्याचं कणीस असंच काढलेलं. पैसा कुठं चालायचा हे रोमच्या अधिकाऱ्यांना कळत होतं.

मात्र इथं थांबू नका, भिंग आणखी जवळ न्या. पिलाताच्या एका नाण्यावर लांब दांड्याची पळी आहे, हुबेहूब आपल्या पळी-पंचपात्रीतली. रोमन पुरोहित देवाला मद्य अर्पण करताना ती वापरत. दुसऱ्यावर वरच्या टोकाला गुंडाळी झालेली काठी आहे. ती मी सुरुवातीला मेंढपाळाची काठी समजलो होतो आणि एका विद्यार्थिनीला तसं सांगूनही टाकलं होतं. चूक होती. शकुन बघणाऱ्या रोमन पुरोहिताची ती काठी. तिच्या घरी फोन करून मी दुरुस्ती सांगितली. म्हणजे पिलातानं माणसाचं तोंड टाळलं, पण परक्या पूजेची उपकरणं घातली. त्याआधीच्या सुभेदारांनी इतकंही केलं नव्हतं. ह्याच पिलातानं बादशहाच्या प्रतिमा लावलेली लष्करी निशाणं रात्रीच्या वेळी यरुशलेमात आणली होती. लोक पिलाताच्या मुक्कामाच्या गावी, कैसरियापर्यंत, चालत गेले, तिथं बसून राहिले, आणि सैनिकांनी तलवारी उपसल्यावर माना पुढं केल्या. शेवटी निशाणं परत न्यावी लागली. ही गोष्ट माहीत असली की पळीकडं आणि काठीकडं बघायची नजरच बदलते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते अग्रिप्पा राजाचं नाणं. हा हेरोदाचा नातू. कैसरियासारख्या मिश्र वस्तीच्या गावांसाठी त्यानं तोंड असलेली नाणी पाडली. पण यरुशलेमच्या टांकसाळीत, इ.स. ४१-४२ मध्ये, त्यानं काय काढलं? एक छत्र. झालर लावलेलं, मध्ये दांडा, आपल्या पालखीवर धरतात तसलं. मागं तीन कणसं. राजा आहे हे सांगायचं, पण राजाचं तोंड दाखवायचं नाही, तर छत्र दाखवायचं. 'छत्रपती' हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांना हे नाणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता एक सावधगिरी, कारण ह्या युक्तीनंही माणूस फसतो. तोंड नाही म्हणजे मूर्तिबंदीच, असं नाही. आपली शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरंच, तोंड नाही. शिवाजी महाराजांना मूर्तीचं वावडं होतं असं कुणी म्हणेल का? म्हणून तोंड नसल्याचा अर्थ एकट्या नाण्यावरून काढू नका. आणि काळही बघा. इ.स.पू. चौथ्या शतकात, इराणच्या अमलाखाली, यरुशलेमच्या आसपासच्या मुलखात चांदीची बारीक नाणी निघत, त्यांवर 'यहूद' असं लिहिलेलं. त्यांवर अथेन्सच्या धर्तीवरचं घुबड आहे, काहींवर माणसाचं डोकंही आहे. म्हणजे बंदी सगळ्या काळात सारखी कडक नव्हती. ती पुढं, परक्या सत्तेशी झुंजता झुंजता, घट्ट होत गेली. सगळे ज्यू सारखे होते असंही नाही. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात मेनाहेम बार सिमाई या एका साधुपुरुषाचं वर्णन आहे. त्याचं थोरपण काय? तो नाण्यावरच्या चित्राकडंसुद्धा बघत नसे. हे मुद्दाम लिहून ठेवलं त्याअर्थी बाकीचे बघत होते.

कापलेल्या नाण्यांबद्दलही हेच. ऑगस्टस आणि तिबेरियसची नाणी आपल्या दक्षिणेत ढिगानं सापडली आहेत. पुदुकोट्टैला १८९८ मध्ये सोन्याची ५०१ रोमन नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर बादशहाच्या तोंडावरून छिन्नीचा घाव. असा घाव बघितला की 'धर्माचा राग' म्हणून मोकळे होऊ नका. तमिळ मुलखातल्या त्या घावांबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आम्ही सराफ तर पहिल्यांदा म्हणू, आतून तांबं आहे का बघायला छिन्नी मारली असेल.

राग खरोखर बघायचा असेल तर शिमोन बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याच्या रोमविरुद्धच्या बंडातलं नाणं बघा, इ.स. १३२ ते १३५. बंडवाल्यांनी नवा धातू ओतलाच नाही. रोमचीच नाणी घेतली आणि त्यांच्यावर आपली छाप ठोकली. तांब्या-काशाच्या मोठ्या नाण्यांवरची जुनी छाप आधी कानशीनं घासलेली दिसते, ओरखडे भिंगाशिवायही दिसतात. चांदीच्या लहान नाण्यांवर मात्र थेट नवा ठसा मारलेला. नाणं उन्हात तिरपं धरा आणि हळूहळू फिरवा. द्राक्षाच्या घडाच्या मागून बादशहाच्या हनुवटीची रेघ वर येते, 'शिमोन' या नावाच्या अक्षरांमधून लॅटिन अक्षरांचे तुकडे डोकावतात. आमच्या धंद्यात याला ठसा दुमडला म्हणतील, माल वाईट ठरवतील. इथं तो दुमडलेला ठसाच सगळं सांगतो. आणि चांदीच्या मोठ्या नाण्यावर नवं चित्र कशाचं? साठ वर्षांपूर्वी रोमनांनी जाळलेल्या मंदिराचं. चार खांब, मध्ये बहुधा पवित्र पेटी.

त्या जाळपोळीनंतर रोमनं काढलेलं नाणंही शेजारी ठेवलं पाहिजे. वेस्पासियन बादशहाचं 'यहूदिया काप्ता', म्हणजे यहूदिया पकडली. ताडाच्या झाडाखाली एक बाई डोकं धरून रडतेय, मागं रोमन शिपाई नाहीतर हात बांधलेला कैदी. ताड हे ज्यूंचं स्वतःचं चिन्ह, तेच उलटवून त्यांच्या तोंडावर फेकलेलं. मंदिरासाठी जे दोन द्राख्मे भरायचे तेवढेच आता रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी भरायचे, असा हुकूमही आला. अर्ध्या शेकेलाचाच तो पैसा, फक्त पेटी बदलली. इतका अपमान चित्रानं आणि करानं एकदमच केलेला दुसरीकडं मला दिसला नाही.

लिपीकडं दुर्लक्ष करू नका. बेळगावकरांना हे मी काय सांगणार? पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून आपल्याकडं काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यूंच्या त्या काळच्या रोजच्या व्यवहारात चौकोनी अरामी वळणाची अक्षरं होती. तरी इ.स. ६६ च्या, रोमविरुद्धच्या पहिल्या बंडात पाडलेल्या चांदीच्या शेकेलावर 'इस्राएलचं शेकेल' आणि 'पवित्र यरुशलेम' हे शब्द जुन्या हिब्रू लिपीत आहेत, कित्येक शतकांपूर्वीच्या राजांच्या वेळच्या. तोंडाच्या जागी पेला, मागं तीन डाळिंबं. हे नाणं वाचायला रोमनाला येऊ नये, आणि आपल्या माणसाला तो काळ आठवावा, असं त्यात दोन्ही आहे.

आता बाईंचं तिसरं नाणं. एक ग्रॅमला थोडं जास्त. एका बाजूला नांगर, शेतातला नव्हे, जहाजाचा. भोवती झिजलेली ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला आठ आऱ्यांची चांदणी. अलेक्झांडर यन्नाय या हस्मोनी घराण्यातल्या ज्यू राजाचं, इ.स.पू. १०३ ते ७६ मधलं. राजा आणि महायाजक एकच माणूस, आणि तरी तोंड नाही. नांगर शेजारच्या सेल्युकिड या ग्रीक राजांच्या नाण्यांवरून घेतलेला, म्हणजे परक्यांचं चित्र चालतं, पण कुठलं ते निवडून. चिल्लर असल्यानं ही नाणी लाखांनी पाडली गेली, म्हणून आजही स्वस्तात खरी मिळतात.

ते चिंचेनं घासून लख्ख करायचा बाईंचा बेत होता. मी हातातून काढून घेतलं. तांब्यावरचा तो हिरवा थर गेला की त्याबरोबर अक्षरंही जातात. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळेची पावडर, काही लावू नका. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं माती काढा, कोरडं करा, कागदात ठेवा.

मग बाई म्हणाल्या, भोक पाडून द्या, साखळीत घालते. भोक पाडणार नाही म्हटलं. चांदीचं कोंदण करून दिलं, कडेनं चार दाढांचं, दोन्ही बाजू उघड्या राहतील असं. घालताना कुठली बाजू बाहेर ठेवायची यावर त्या बराच वेळ आरशासमोर उभ्या होत्या. शेवटी चांदणी बाहेर ठेवली, ग्रीक अक्षरांचा नांगर आत.